मूत्रपिंडतज्ज्ञाचे कार्य व आपले कर्तव्य

मूत्रपिंडतज्ज्ञाकडे जाण्याची पाळी आली म्हणजे आता डायलिसिसवाचून गत्यंतर नाही, अशी समजूत आपल्या व्यापारी कुटुंबांत दृढ आहे. या समजुतीपायी रोगी तज्ज्ञाच्या दारी फार उशिरा पोहोचतो. मी वैद्य नव्हे, धान्याचा व्यापारी आहे. तथापि या वैद्याचे मोलाचे काम डायलिसिसच्या कितीतरी आधीचे असते, हे सभासद बंधुभगिनींच्या नजरेस आणणे मला अगत्याचे वाटते.

मुठीएवढ्या या दोन अवयवांत प्रत्येकी सुमारे दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव त्यांतून गाळला जातो व दीड-दोन लिटर मूत्र वगळता बाकी सर्व शरीरास परत मिळतो. निम्मी शक्ती गेली तरी बहुधा वेदना होत नाही. रक्तातील क्रिएटिनीनचा आकडाही तोवर पुष्कळदा साधारणच दिसतो. म्हणून तज्ज्ञ त्या एका आकड्यावर विसंबत नाही. वयाचा विचार करून तो गाळण्याचा वेग काढतो, लघवीतून प्रथिन जाते काय हे पाहतो आणि मागील अहवालांशी ताळा घेतो. एका दिवसाच्या विक्रीवरून पेढीची स्थिती कळत नाही, तसेच हे आहे.

मधुमेह व रक्तदाब ही मूत्रपिंडे निकामी होण्याची प्रमुख कारणे होत. दिवसभर गादीवर बसणाऱ्या आपल्या वर्गाने तर विशेष सावध असावे. गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही अपाय होतो. तज्ज्ञ घातक औषधे थांबवितो, रक्तदाब आवरतो, मीठ कमी करावयास लावतो. पापड-लोणच्यांतील मीठही त्यात मोजावयाचे असते. शहाळ्याचे पाणी आपण निरुपद्रवी मानतो. परंतु मूत्रपिंडे दुर्बळ असता त्यातील पोटॅशियम रक्तात साचून हृदयाची गती बिघडू शकते. निर्जळ उपवास वा चौविहार पाळणाऱ्या रोग्याने आपला नेम तज्ज्ञास आधी सांगावा. म्हणजे औषधांच्या वेळा बसविता येतात व धोका असल्यास तो स्पष्ट सांगू शकतो.

रोग वाढला तरी वेळीच गेल्याचा लाभ होतोच. डायलिसिससाठी हातातील रोहिणी व नीला यांची जोडणी करतात. ती वापरण्याजोगी होण्यास कित्येक आठवडे लागतात. पूर्वसूचना असल्यास त्या हाताच्या शिरा सुयांपासून जपता येतात. नसल्यास मानेच्या शिरेत नळी घालून घाईने आरंभ करावा लागतो व जंतुसंसर्गाचे भय वाढते.

डॉ. जोसेफ मरे यांनी १९५४ साली बोस्टन येथे जुळ्या भावांमध्ये पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण केले. आज हा मार्ग आपल्या देशातही खुला आहे. रोपणापूर्वी दात्याची तपासणी रोग्याइतक्याच काळजीने व्हावी लागते, व रोपणानंतर आयुष्यभर औषधे सांभाळण्याचे कामही तज्ज्ञच पाहतो. आपण व्यापारी असलो तरी मूत्रपिंड ही व्यापाराची वस्तू नव्हे; १९९४ च्या कायद्याने तिची खरेदी-विक्री गुन्हा ठरविली आहे.

दिवाळीस आपण वह्यांचे पूजन करतो. ज्यांस मधुमेह वा रक्तदाब आहे त्यांनी त्याच सुमारास दरवर्षी रक्त व लघवी तपासून घ्यावी, आणि आकडा सरकू लागताच तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. पेढीतील तूट पुढे भरून काढता येते. मूत्रपिंडांची गेलेली शक्ती बहुधा परत येत नाही.