उचल आधी, योजना मागाहून

दसरा उलटला की ठाणे जिल्ह्याच्या शहापूर-मुरबाड भागात एक माणूस पाड्यापाड्यांवर दिसू लागतो. हा वीटभट्टीचा मुकादम. भात अजून खळ्यावर यायचे असते, घरात रोकड नसते आणि सण तोंडावर आलेला असतो. मुकादम जातीचा दाखला मागत नाही, झेरॉक्स मागत नाही, ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या’ असेही सांगत नाही. ओट्यावर बसतो, कोरा चहा घेतो, नवराबायकोची जोडी ठरवतो, नोटा मोजून हातावर ठेवतो आणि वहीवर अंगठा घेतो. ही उचल. सण आटोपला की टेम्पो येतो. भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या, पोरे सगळे त्यात चढते आणि इथली कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसई, पनवेलकडच्या भट्ट्यांवर उतरतात. पुढचे सहा-सात महिने तेच त्यांचे गाव. पाड्यावर कोणी विचारले तर म्हातारी सांगते, ‘जगायला गेलीत.’

परक्या मुलखात नव्याने आलेल्या माणसाचे पाय रोवायला मदत कशी करावी, याचे जगाने बऱ्यापैकी शास्त्र केले आहे. शिकागोत जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ साली हल हाउस काढले, तेव्हा आसपासच्या वस्तीत युरोपातून आलेले गरीब कामगार राहत. त्यांच्यासाठी तिथे पाळणाघर होते, वर्ग होते. ऑस्ट्रेलियाने स्थलांतरितांना इंग्रजी शिकवण्याचा सरकारी कार्यक्रम १९४८ मध्ये सुरू केला आणि तो आजही चालू आहे. कॅनडात नवागतांसाठी भाषेचे मोफत वर्ग १९९२ पासून आहेत. तिकडे गेलेल्या कित्येक मराठी कुटुंबांनी शाळाप्रवेशापासून डॉक्टरपर्यंतची पहिली माहिती अशाच केंद्रांतून घेतली आहे.

शहापूरहून भिवंडीला जाणाऱ्यासाठी असे केंद्र नाही. देश सोडा, तो जिल्हाही ओलांडत नाही, मग त्याला नवखा म्हणायचे कोणी? आपल्याकडे १९७९ साली स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला. त्यात प्रवासभत्ता होता, विस्थापन भत्ता होता. पण तो लागू व्हायला राज्याची हद्द ओलांडणे भाग होते. ओडिशातून आलेला मजूर त्या कायद्यात बसे, शहापूर तालुक्यातल्या डोळखांबचा किंवा मुरबाडमधल्या टोकावड्याचा बसत नसे.

या भागातून जगायला जाणाऱ्यांत कातकरी सर्वांत जास्त अडलेले. केंद्र सरकारने विशेष असुरक्षित ठरवलेल्या ७५ आदिवासी जमातींपैकी महाराष्ट्रात तीन आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. २०११ च्या जनगणनेत राज्यात कातकऱ्यांची संख्या पावणेतीन लाखांच्या वर भरली. ठाकूर, महादेव कोळी, वारली यांच्याकडे थोडीफार शेती तरी असते. कातकऱ्याची वाडी मात्र पुष्कळदा दुसऱ्याच्याच जमिनीवर उभी असते. भोवताली पाणी म्हणावे तर उदंड. १८९२ मध्ये पुरा झालेला तानसा तलाव, मोडकसागर, भातसा, सगळ्यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर फिरतो. दुबार पीक नाही, म्हणून भात झाला की हाताला काम नाही.

भट्टीवरचा दिवस ऊन चढायच्या आत निम्मा सरलेला असतो. पुरुष गारा मळतो, साच्यात थापतो. बाई माती-पाणी वाहते. चालती-बोलती झालेली पोरे कच्च्या विटा उलटून वाळत घालतात. राहायला भोंगा, म्हणजे विटा एकावर एक रचून वर पेंढा किंवा प्लास्टिक टाकलेली वाकून शिरायची खोपटी. मजुरी हजार विटांमागे ठरते, पण ती हातात येत नाही, वहीत चढते. आठवड्याच्या बाजाराला मिळते ती खर्ची. पोर तापले तर दवाखान्याचे पैसेही भट्टीचा शेठच देतो आणि तेही वहीत जातात. घर, गाडी, आगाऊ रक्कम, औषधपाणी: नवख्याला लागणाऱ्या सगळ्या सोयी एकाच खिडकीवर देणारी या भागातली सर्वांत तत्पर यंत्रणा मुकादमच आहे. ती काय भावाने पडते, ते पावसाच्या तोंडावर हिशेबाला बसल्यावर कळते.

सरकारी सोयी नाहीत असे नाही. उलट भरपूर आहेत. अडचण अशी की त्या पाड्याच्या पत्त्यावर बसून असतात आणि माणूस अर्धे वर्ष दुसरीकडे असतो.

रेशनचेच बघा. विशेष असुरक्षित जमाती अंत्योदय योजनेत येतात, म्हणजे कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य. जानेवारी २०२० मध्ये ‘एक देश, एक रेशनकार्ड’मधल्या राज्यांत महाराष्ट्रही आला, तेव्हा कागदावर तरी गाठ सुटली: आता धान्य भट्टीजवळच्या दुकानातूनही उचलता येते. पण दुकानदाराच्या यंत्रावर बोट उमटायला हवे आणि गारा मळून, विटा उचलून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याचा अंगठा यंत्राला पटत नाही. डोळ्याची बुबुळे किंवा मोबाइलवरचा ओटीपी असे पर्याय नियमात आहेत. ते नवख्या गिऱ्हाइकासाठी वापरायचे की ‘तुझ्या गावाला जा’ म्हणून वाटेला लावायचे, हे दुकानदाराच्या मर्जीवर राहते.

गरोदर बाईची गोष्ट याहून अवघड. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना १ डिसेंबर २०१५ पासून चालू आहे. ती अनुसूचित क्षेत्रापुरती. शहापूर तालुका सगळा त्यात येतो, मुरबाडची काही गावे येतात. कल्याणजवळच्या भट्टीवर गेलेली बाई मात्र शेवटच्या तीन महिन्यांत नेमकी रेषेबाहेर असते. महिला व बालविकास खात्याने स्थलांतरित मातांचा आणि मुलांचा माग ठेवणारी प्रणाली काही जिल्ह्यांत करून पाहिली, मग राज्यभर नेली. कल्पना चोख आहे. पाड्यावरच्या सेविकेने ‘गेली’ अशी नोंद केली की भट्टीजवळच्या सेविकेला ‘आली’ असे कळले पाहिजे. सगळे अडते ते एका माहितीपाशी: कुठल्या शेठच्या भट्टीवर? कित्येकदा टेम्पोत चढणाऱ्यालाच ते ठाऊक नसते.

शाळेच्या बाबतीत याच मुलखाने राज्याला वाट दाखवली, हे आवर्जून सांगायला हवे. वेठबिगारांच्या सुटकेसाठी विवेक पंडित यांनी १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली. त्यांच्या आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवरच शाळा भरवायला सुरुवात केली. नाव भोंगाशाळा. मुलांनी शाळेकडे यायचे हा नेम उलटा करून शाळा मुलांच्या मागे निघाली. विटा उलटून झाल्या की पोरे येत, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येत, आणि मास्तर ते चालवून घेत. ऊसतोड मजुरांच्या साखरशाळा त्याच जातकुळीतल्या. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जायचा हक्क दिला. दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे कलम ५ स्पष्टच सांगते. स्थलांतरित मुलासाठी शिक्षण हमी कार्डही आले. कागद म्हणून हे भोंगाशाळेपेक्षा भक्कम आहे. पण भट्टी असते वस्तीपासून लांब, मधे हमरस्ता, आणि सात वर्षांच्या पोरीला शाळेत सोडायला मोकळे कोणी नसते. भोंगाशाळेने सोडवले होते ते अंतर, आणि कार्डाने सोडवला आहे तो दाखला. या दोन्हींची सांगड घालणे काही अवघड नव्हते.

कायद्याचा आधार तर सर्वांत जुना. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. किमान वेतनापेक्षा कमी मोलाने राबवणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात ठरवले. वेठबिगार म्हणून सुटलेल्या पुरुषाला एक लाख, बाईला किंवा मुलाला दोन लाख आणि अत्याचार फार भयंकर असेल तर तीन लाख, अशी पुनर्वसनाची रक्कम २०१६ च्या केंद्रीय योजनेत आहे. मात्र त्यासाठी आधी माणूस वेठबिगार होता हे अधिकाऱ्याने मान्य करायचे असते. शेठ म्हणतो, मी तर उसने दिले होते.

मग उचलीच्या आधी पाड्यावर पैसा पोचला तर? हा विचार नवा नाही. आदिवासींना अडीअडचणीच्या महिन्यांत धान्य आणि पैसा देणारी खावटी कर्ज योजना १९७८ मधली. करोनाच्या टाळेबंदीत ती अनुदान म्हणून पुन्हा आली: कुटुंबाला ४,००० रुपये, त्यातले निम्मे रोख, निम्म्याचा किराणा. निर्णय २०२० चा, वाटप २०२१ उजाडल्यावर. मुकादमाने एवढा उशीर केला असता तर त्याचा धंदा कधीच बसला असता.

त्याच टाळेबंदीत शहापुरात दुसरे एक काम जोरात चालले होते. सुनील पवार आणि त्यांच्या सोबतच्या कातकरी तरुणांनी आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या वनधन केंद्रातून गुळवेल विकायला घेतली. कातकरी माणसे जंगलातून वेल आणत, केंद्र ती वाळवून, भुकटी करून विकत असे. डाबर, बैद्यनाथ, हिमालया अशा मोठ्या कंपन्यांच्या मागण्या आल्या आणि उलाढाल कोटींत गेली. मुरबाडकडे इंदवी तुळपुळे यांच्यासह श्रमिक मुक्ती संघटनेचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे वनहक्कांसाठी झटले, तेही याच अंगाने मोलाचे. २००६ च्या कायद्याने जंगलावर गावाचा सामूहिक हक्क लागला की गौण वनोपजाचा पैसा गावात येतो. गुळवेल काही प्रत्येक पाड्याला पुरणार नाही आणि बाजारही दरवर्षी तसाच राहत नाही. तरी या कामाचा पैसा पाड्यावरच मिळतो, त्यासाठी बिऱ्हाड हलवावे लागत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकऱ्यांना पक्क्या घरासाठी दोन लाखांचे अनुदान मिळते. हप्ते बांधकाम पुढे सरकेल तसे येतात. पाया झाला की पुढचा, भिंती झाल्या की त्यापुढचा. बांधकामाचे सुके महिने आणि भट्टीचा हंगाम नेमका एकच. विटा पाडायला गेलेल्याचे स्वतःचे घर जोत्यापर्यंत येऊन थांबते. मधेच सुटून यावे, तर उचल फिटलेली नसते. गावचा ग्रामसेवक फोन करतो, हप्ता परत जाईल म्हणतो. पलीकडून उत्तर येते, ‘हिशेब झाला की येतो, भाऊ.’