वीतभर इलिश

तुमच्या शेजारी कोणी बंगाली बाई राहत असेल, तर इलिशचं, म्हणजे हिल्सा माशाचं कौतुक तुम्ही ऐकलं असेलच. काटे काढता काढता आपला जीव मेटाकुटीला येतो, पण मोहरीतला इलिश म्हणजे त्यांचा जीव की प्राण! हा मासा राहतो समुद्रात. पण लेक बाळंतपणाला माहेरी यावी तसा अंडी घालायला गंगा-पद्मेच्या गोड्या पाण्यात चढतो. एकेक मादी लाखांनी अंडी घालते. मग मासा कमी का व्हावा?

एक तर माहेरची वाट अडली. १९७५ साली गंगेवर फराक्काचा बंधारा सुरू झाला आणि पूर्वी पार अलाहाबादपर्यंत जाणारा इलिश खालीच अडला. त्यात जाळी बारीक झाली.

पाण्यातले मासे कोण मोजणार, असं वाटेल तुम्हाला. पण तज्ज्ञ चक्क बाजारात पट्टी घेऊन बसतात. महिनोन्‌महिने माशांची लांबी मोजून किती वाढले, किती मेले, त्यातले जाळ्यात किती, याचा अंदाज काढतात. मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जाळ्यातलेच निघाले, तर व्याज सोडून मुदलाला हात लागला असं ढोबळ मानानं धरतात. आणि टोपलीत एकदाही अंडी न घातलेली पिल्लंच दिसू लागली, तर हिशेब तरी कशाला हवा?

बांगलादेशात २००२-०३ साली इलिश दोन लाख टनांवर आला होता. मग नोव्हेंबर ते जून २५ सेंटिमीटरच्या आतल्या पिल्लांना, तिथल्या भाषेत ‘जाटका’ला, हात लावायचा नाही असं ठरलं. ऐन कोजागिरीच्या सुमारास, अंडी घालण्याच्या दिवसांत, पुढे २२ दिवस मासेमारीच बंद होऊ लागली. नुसत्या बंदीनं चूल पेटत नाही; म्हणून कोळ्यांच्या घरी सरकारी तांदूळ जाऊ लागला. (मला तरी हे सगळ्यांत शहाणपणाचं वाटलं!) २०१८-१९ साली पाच लाख टनांवर मासा मिळाला.

गंमत म्हणजे पूर्व बंगालच्या कितीतरी घरांत कोजागिरीच्या लक्ष्मीपूजेनंतर इलिश वर्ज्य. तो थेट वसंतपंचमीला, सरस्वतीपूजेच्या दिवशी जोडीनं घरात येतो.

पश्चिम बंगालमध्येही २०१३ पासून २३ सेंटिमीटरच्या आतला इलिश पकडायला बंदी आहे. तरी ‘खोका इलिश’ स्वस्त म्हणून खपतोच. बाजारात पट्टी कुठून आणायची म्हणता? २३ सेंटिमीटर म्हणजे आपली वीतच की! कोळीण माप काढू देत नसेल, तर टोपलीवर नुसता हात पसरून बघा.