न्यू पॅलेसची हरणं आणि चित्तेवानांची विद्या

सकाळी उन्हं वर यायच्या आत कोल्हापूरच्या न्यू पॅलेसच्या आवारात शिरलं, की आधी हरणं भेटतात. वस्तुसंग्रहालयाचं दार अजून उघडलेलं नसतं, सहलीच्या गाड्या यायच्या असतात. जाळीपलीकडे कळप निवांत रवंथ करत बसलेला असतो. मी गेलो त्या दिवशी एक नातू जाळीत बोटं घालून ‘ये, ये’ करत होता आणि आजोबा त्याचा हात मागे ओढत होते. माझ्यासारख्या कितीतरी कोल्हापूरकरांनी जिवंत हरीण पहिल्यांदा पाहिलं ते असंच, कुणाचं तरी बोट धरून, इथंच.

पुण्याच्या कात्रजच्या प्राणिसंग्रहालयासारखा या जागेचा पसारा नाही. तासाभरात बघून होतं. तरी मला ही जागा मोठी वाटते, कारण जनावरं आणि माणसं यांचा कोल्हापुरातला जुना संबंध इथं एका आवारात दिसतो. 1877 ते 1884 या काळात मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर उभी राहिलेली काळ्या घडीव दगडाची ही वास्तू, तिचा घड्याळाचा मनोरा, आणि आतल्या दालनांत पेंढा भरून ठेवलेले वाघ, अस्वलं, रानकुत्रे. बाहेरचं हरीण कान हलवतं, आतला वाघ काचेच्या डोळ्यांनी बघतो. या दोहोंच्या मधला एक दुवा मात्र कुठेच दिसत नाही. तो म्हणजे चित्ता, आणि त्याला सांभाळणारा माणूस.

कोल्हापूर संस्थान चित्त्यांच्या शिकारीसाठी देशभर नावाजलेलं होतं. राजर्षी शाहू महाराज स्वतः कसलेले शिकारी. पुढे राजाराम महाराजांच्या काळात आफ्रिकेतून चित्ते आणले जात, कारण तोवर आपल्याकडचे जवळजवळ संपले होते. या जनावरांची देखभाल करणारे ते चित्तेवान. पारधी समाजात तर ‘चित्तेवाले’ असा एक गटच होता. इंग्रज सरकारनं ज्यांच्या कपाळी गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला, त्याच लोकांना शाहू महाराजांनी संस्थानात कामं दिली आणि 1918 साली त्यांच्यावर लादलेली रोजची सरकारी हजेरी बंद केली. चित्त्याची गोष्ट सांगताना ही गोष्ट वगळली, तर नुसती राजेरजवाड्यांची हौस तेवढी उरते.

चित्तेवानाचं काम विलक्षण कठीण होतं. पिल्लू वाढवून भागत नसे. आईजवळ शिकार न शिकलेला चित्ता पुढे कामाचा राहत नाही. म्हणून फाशात धरलेला, वयात आलेला चित्ताच हवा. असलं रानटी जनावर आधी डोळ्यांवर टोपरं घालून बाजेला बांधून ठेवत, तेही भर वर्दळीत. माणसांचे आवाज, पोरांचा गलका, भांड्यांचा खणखणाट, सगळं त्याच्या कानांवरून जाऊ देत. रात्री जागवत. घास मात्र एकाच माणसाच्या हातून. असे महिनोन्‌महिने गेले की तो त्या हाताला ओळखू लागे. चित्ता डरकाळी फोडत नाही, खूश असला की मांजरासारखा गुरगुरतो. हे गुरगुरणं चित्तेवानानं पहिल्यांदा ऐकलं असेल, तेव्हा त्याला काय वाटलं असेल?

शिकारीच्या दिवशी चित्त्याला बैलगाडीत बसवून माळावर नेत. काळविटांना शेतकऱ्यांच्या गाड्यांची सवय, त्यामुळे ती पळत नसत. गाडी पुरेशी जवळ गेली की टोपरं काढायचं. पुढचं सगळं काही सेकंदांचं. ताशी शंभर किलोमीटरच्या घरातला वेग चित्त्याला काहीशे मीटरच झेपतो. तेवढ्यात काळवीट सापडलं तर सापडलं, नाहीतर तो धापा टाकत बसून राही. सापडलं की नरडं दातांत घट्ट. ती पकड सोडवणं हा कामाचा सगळ्यात नाजूक भाग. लांब दांड्याच्या लाकडी पळीत ताजं रक्त घेऊन चित्तेवान हळू पुढे होई, ते चित्त्याच्या तोंडाशी धरी, आणि तो ते चाटायला लागला की टोपरं पुन्हा डोळ्यांवर. इथं जोरजबरदस्तीचा उपयोग नव्हता. हात थरथरला, की संपलं.

आज ही शिकार नको, हे मी निःशंक म्हणतो. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं काळविटाला संरक्षण दिलं ते योग्यच झालं. पण शिकारीबरोबर जनावर वाचण्याची ती विद्याही आपण विसरलो, हे नुकसान आहे. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं 1952 मध्ये जाहीर झालं. 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आले, तेव्हा सगळा देश टीव्हीसमोर होता. त्याच खंडातल्या चित्त्यांना कोल्हापूरच्या माणसांनी त्याआधी कित्येक दशकं हातानं घास भरवला होता, हे त्या दिवशी किती जणांना आठवलं?

शिकारीचं राखलेलं रान पुढे जनावरांचं हक्काचं घर होऊ शकतं, याचं उदाहरण जिल्ह्यातच आहे. दाजीपूरचं जंगल संस्थानी काळात शिकारीसाठी राखलेलं होतं. 1958 मध्ये ते गव्यांचं अभयारण्य झालं आणि 2012 मध्ये राधानगरी अभयारण्य म्हणून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलं. तिथला गवा जाळीपलीकडे नाही, आपल्यासमोर धुक्यातून येतो. पोरांना न्यू पॅलेस दाखवलात, तर पुढच्या सुट्टीत दाजीपूरही दाखवा.

आणि एक विनंती. ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबा चित्तेवान, माहूत किंवा मोतद्दार होते, त्यांनी पेटीतले जुने फोटो, टोपरं, साखळी, काही उरलं असेल ते टाकून देऊ नये. घरातलं वडीलधारं माणूस आहे तोवर त्याच्या तोंडचे शब्द मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवावेत. न्यू पॅलेसमधल्या हरणांच्या जाळीशेजारी त्या माणसांच्या कामाचा एक फलक लागायला हवा.