गाडी ‘मिसिंग’ करतेय? पार्ट बदलण्याआधी हे ऐका

आजचा भाग ज्यांच्या घरी दहा-पंधरा वर्षं जुनी पेट्रोल किंवा सीएनजी गाडी आहे त्यांच्यासाठी, आणि सेकंडहँड गाडी घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठीसुद्धा. नेहमीप्रमाणे भागाचं लेखी रूप इथे देतोय. लोकलमध्ये बसून वाचा, नाहीतर सेव्ह करून ठेवा.

लक्षणं तुम्हाला माहीत असतील. सिग्नलला थांबलं की सीट थरथरते. स्टिअरिंग हातात कापतं. सायलेन्सरचा एकसारखा आवाज मध्येच अडखळतो. चढावर गाडी ओढत नाही. इंग्रजीत याला मिसफायर म्हणतात, आपल्या गॅरेजच्या भाषेत ‘गाडी मिसिंग करते’.

म्हणजे आत नेमकं काय होतं? चार सिलिंडरचं इंजिन न्यूट्रलमध्ये मिनिटाला साधारण ८०० वेळा फिरतं. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे एका सिलिंडरचे मिनिटाला ४०० स्फोट, चौघांचे मिळून १६००. त्यातला एक सिलिंडर बंद पडला, की दर मिनिटाला ४०० धक्के गायब. ती पोकळी तुम्हाला सीटमध्ये जाणवते.

सिलिंडर पेटायला तीन गोष्टी लागतात: वेळेवर ठिणगी, हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण (वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल) आणि ते मिश्रण दाबून धरणारं घट्ट बंद सिलिंडर, म्हणजे कॉम्प्रेशन. यातलं एक नसलं तरी मिसिंग. तिन्हींचा थरथराट मात्र अगदी सारखा असतो, आणि खिसा कापला जातो तो इथेच.

बावीस हजारांचं एस्टिमेट

माझे मामा वाईला राहतात. त्यांची गाडी २०११ ची, नंतर सीएनजी किट बसवलेली. आठवड्यातून दोनदा ते आजीला डायलिसिसला साताऱ्याला नेतात. जाऊन-येऊन साधारण सत्तर किलोमीटर. गाडी मिसिंग करायला लागली, तेव्हा एका गॅरेजने चार नवे कॉइल, चार प्लग आणि इंजेक्टर क्लीनिंग असं २२,००० रुपयांचं एस्टिमेट दिलं. मामा फोनवर म्हणाले, “अरे, गाडीचीच किंमत लाखाच्या आत राहिलीय. करू का खर्च?”

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. प्रोग्राम बिघडला की आम्ही चार फायली एकदम बदलत नाही. एक गोष्ट बदलायची, काय फरक पडला ते बघायचं, मग पुढे. मी म्हटलं, “मामा, थांबा. शनिवारी येतो.”

पायरी १: ‘केव्हा?’ हे विचारा

बोनेट उघडण्याआधी हा प्रश्न. उत्तरावरून अर्धी दिशा कळते.

फक्त न्यूट्रलमध्ये थरथरते आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की सुरळीत होते? मग कुठूनतरी जास्तीची हवा आत शिरत असण्याची शक्यता मोठी. फाटलेला व्हॅक्यूम पाइप किंवा इनटेकचं गॅस्केट बघा.

घाटात, लोडवर मिसिंग? मग प्लग, कॉइल किंवा प्लग वायर. लोडवर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि तेवढ्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. कमकुवत कॉइल तिथेच हात टेकतो.

पावसाळी सकाळीच मिसिंग? जुन्या प्लग वायरमधून करंट बाहेर गळतोय का बघा. अंधारात बोनेट उघडलं, तर कधी कधी निळी ठिणगी उडताना चक्क दिसते.

सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक? आधी प्लग तपासा. गॅस पेटवायला जास्त ताकदीची ठिणगी लागते, म्हणून झिजलेला प्लग गॅसवर आधी उघडा पडतो.

मामांचं उत्तर वेगळं होतं. “सकाळी काही नाही रे. पाचवडच्या पुढे गेलं, इंजिन चांगलं तापलं, की सुरू होतं. गॅसवर पण आणि पेट्रोलवर पण.”

या दोन वाक्यांत बरंच काही होतं. त्यांच्या किटमध्ये गॅसचे इंजेक्टर वेगळे आहेत आणि पेट्रोलचे वेगळे. दोन्ही एकदम बिघडणं अवघड, म्हणजे इंजेक्टर क्लीनिंगचा खर्च संशयाच्या यादीत खाली गेला.

पायरी २: कोणता सिलिंडर?

भारतात २०१३ च्या एप्रिलपासून गाड्यांना ओबीडी-टू लागू झालं. त्याआधीच्याही अनेक गाड्यांत स्टिअरिंगखाली ते सॉकेट असतं. हजार रुपयांच्या आत मिळणारा ब्लूटूथ डोंगल लावला की मोबाइलवर कोड दिसतात. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ दुसरा, असं चौथ्यापर्यंत. पी ०३०० म्हणजे ठरावीक असा एक नाही, अनेक.

आमचा कोड आला पी ०३०२.

आता नीट ऐका. हा कोड ‘कॉइल खराब’ असं सांगत नाही. कॉम्प्युटर फक्त क्रँकशाफ्टचा वेग मोजतो, आणि दुसऱ्या सिलिंडरच्या पाळीला वेग पडला एवढंच त्याला कळतं. कुठे ते कळलं, का ते अजून कळायचंय.

सॉकेट नसेल, तर इंजिन चालू असताना एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघतात. काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच आपला आजारी. चालू इंजिनची प्लग वायर मात्र हाताने ओढायची नाही. तिच्यात हजारो व्होल्ट असतात.

पायरी ३: अदलाबदल

ही सगळ्यात स्वस्त टेस्ट, खर्च शून्य. इंजिन बंद करून दुसऱ्या सिलिंडरचा कॉइल तिसऱ्यावर लावला, तिसऱ्याचा दुसऱ्यावर. कोड पुसला, गाडी तापेपर्यंत फिरवली. कोड पी ०३०३ झाला असता तर कॉइल दोषी. एकच कॉइल घेऊन विषय संपला असता.

कोड परत पी ०३०२ च आला. इंजिन थंड झाल्यावर प्लगची तशीच अदलाबदल केली. पुन्हा पी ०३०२. प्लग हातात आलाच आहे तर त्याचा रंगही बघून घ्यावा. फिकट तपकिरी म्हणजे निरोगी, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळा म्हणजे आत ऑइल येतंय, पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ किंवा जास्त उष्णता. आमचा ठीक होता.

म्हणजे एस्टिमेटमधल्या तिन्ही गोष्टी निर्दोष. बावीस हजार घालूनही गाडी तशीच थरथरली असती.

पायरी ४: कॉम्प्रेशन

साताऱ्यात एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेज होतं. त्यांना सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, “मग गरम इंजिनवरच बघायला पाहिजे.” बाकीचे तीन सिलिंडर १६५ ते १७५ पीएसआय, दुसरा १०५. त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजलं. आकडा वाढला असता तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात असं समजतात, कारण ऑइल ती फट तात्पुरती भरतं. आकडा हलला नाही. म्हणजे गळती वरून, व्हॉल्व्हमधून.

काकांनी टॅपेट कव्हर उघडून इंजिन थंड होऊ दिलं आणि फिलर गेज घातला. दुसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला गॅपच उरला नव्हता. हा गॅप मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशाइतकाच असतो, पण तो लागतोच. धातू तापला की व्हॉल्व्ह लांबतो, आणि गॅप नसेल तर तो पूर्ण बंद होत नाही. म्हणून सकाळी ठीक, तापल्यावर मिसिंग.

हे झालं कशामुळे? सीएनजी कोरडा असतो. पेट्रोलमुळे व्हॉल्व्हच्या सीटला जो थंडावा मिळतो, तो गॅसवर मिळत नाही. पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनात सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह आत रुततो आणि गॅप कमी होत जातो. गंमत म्हणजे गॅप वाढला की टॅपेट टकटक करतं आणि आपण गॅरेजला पळतो. गॅप कमी झाला की इंजिन उलट शांत होतं. मग संशय येणार कसा?

टॅपेट सेटिंग, नवीन कव्हर गॅस्केट आणि तपासणी मिळून १,४०० रुपये झाले. पण काकांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली: “सीट झिजलीय ती झिजलीय. दर दहा हजार किलोमीटरला गॅप बघा. एक दिवस हेड उतरवावं लागेल, तेवढे पैसे बाजूला टाकत राहा.” मामांनी त्याच दिवशी डायरीत किलोमीटर लिहून ठेवले. आजीची डायलिसिसची एकही तारीख चुकली नाही.

प्रत्येक गाडीत असंच निघेल असं नाही. बहुतेक वेळा प्लग किंवा कॉइलच निघतो. काही इंजिनांत गॅप आपोआप जुळतो, काहींत शिम बदलाव्या लागतात. पण क्रम तोच ठेवा: केव्हा, कुठे, अदलाबदल, मग कॉम्प्रेशन. पाकीट त्याच्यानंतर काढा.

आणि एक इशारा. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला असेल तर जपून गॅरेजपर्यंत जा. तो उघडझाप करत असेल तर वेग कमी करा, गाडी बाजूला घ्या. न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो लालबुंद तापतो आणि आतून वितळू शकतो. तो पार्ट कॉइलपेक्षा कितीतरी महाग आहे.

गॅरेजमध्ये जाल तेव्हा ‘गाडी मिसिंग करते’ एवढंच सांगू नका. ‘दुसरा सिलिंडर, फक्त तापल्यावर, दोन्ही इंधनांवर, कॉइल आणि प्लग बदलून पाहिलेत’ असं सांगा. चांगला मेकॅनिक त्यावर खूश होतो. आणि जो न ऐकता पार्टची यादी लिहायला घेतो, त्याला नमस्कार करून पुढचं गॅरेज गाठा.

तुमच्या गाडीचं ‘केव्हा’ मला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या दोन-तीन केस घेऊ. तोपर्यंत, सांभाळून चालवा!