कोंबडीचा दाणा आणि आपला ओवा
मंडळी, इथे अमेरिकेत कोंबडी घेताना आपण पाकिटावर ‘अँटिबायोटिकविना वाढवलेली’ हे शब्द शोधतो. वजन वाढावं म्हणून दाण्यात ही औषधं घालत, आणि त्यातून औषधांना न जुमानणारे जंतू पोसले जात. युरोपने २००६ साली हे बंद केलं. अमेरिकेने बंद केलं २०१७ मध्ये, तेही माणसांच्या उपचारात महत्त्वाच्या औषधांपुरतंच! मग काही कोंबडीवाले ओरेगॅनोच्या तेलाकडे वळले. त्यातलं कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल जंतूंच्या पेशीचं आवरण फोडतात. थायमॉल म्हणजे आपल्या ओव्याचा तो झणझणीत वास. आजी पोट दुखलं की चिमूटभर देते तोच. पण हुरळून जायला नको. हे तेल आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं, म्हणून ते चरबीच्या बारीक गोळ्यांत बंद करून द्यावं लागतं. आणि जंतुसंसर्गाने कोंबड्या आजारी पडल्याच, तर अजून अँटिबायोटिकच लागतं.