फिट येणाऱ्या आईच्या हाती बाळ द्यायचं का?

“तिला फिट येतात ना? मग बाळ तिच्या हाती देऊ नका.” बाळंतिणीच्या खोलीत हे अजूनही सर्रास ऐकू येतं. काळजीपोटीच बोलतात सगळे, पण आई पाजण्यापुरती उरते आणि स्वतःलाच अपराधी समजू लागते. हे आता थांबायला हवं.

वस्तुस्थिती: जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य उपचार मिळाले, तर अपस्माराचे ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. बाळाला धोका किती, हे फिट कोणत्या प्रकारची आहे, किती वेळा येते, आधी चाहूल लागते का, यावर ठरतं. कित्येक वर्षांत फिट न आलेली आई आणि सकाळी उठल्या उठल्या हाताला झटका बसून कप सुटणारी आई, दोघींना एकच नियम लावून कसं चालेल?

फिट येत असतील, तर उपाय घरातलेच आहेत. लंगोट जमिनीवर बसून बदला, पलंगावर किंवा टेबलावर नको. पाजताना खाली गादीवर, भिंतीला टेकून बसा. बाळाची अंघोळ घरात कुणी असतानाच घाला. एकट्या असाल तर ओल्या फडक्याने अंग पुसलं तरी पुरतं. बाळ कडेवर असताना गरम चहा-दूध हाती घेऊ नका. चाहूल लागली की बाळाला लगेच खाली ठेवा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र घरच्यांच्या हाती आहे. अपुरी झोप आणि चुकलेली गोळी ही फिट येण्याची नेहमीची कारणं, आणि तान्हं बाळ घरात असताना दोन्ही सहज घडतात. आईने दूध काढून ठेवलं, तर रात्रीचं एक पाजणं बाबा किंवा आजी निभावू शकतात. बाळाला सांभाळायचंय ना? मग आईकडून बाळ काढून घेऊ नका, तिची रात्रीची जाग वाटून घ्या.

बाकीचे गैरसमज:

“अंगावर पाजतेस, गोळ्या बंद कर.” मुळीच नाही. गोळ्या अचानक थांबवल्या तर न थांबणारी, जिवावर बेतणारी फिट येऊ शकते. अमेरिकेतल्या ‘मोनीड’ अभ्यासात (२०२०) अंगावर पिणाऱ्या बाळांच्या रक्ताच्या जवळपास निम्म्या नमुन्यांत औषध मोजण्याइतकंही सापडलं नाही. फेनोबार्बिटोनसारख्या औषधाने बाळ पेंगतं का, एवढं पाहावं आणि डॉक्टरांना सांगावं.

“बाळंतपण झालं, आता डोस तोच ठेवायचा.” गरोदरपणात लॅमोट्रिजिनचा डोस वाढवला असेल, तर बाळंतपणानंतर तो कमी करावा लागतो, नाहीतर चक्कर येते, दोन-दोन दिसतं.

“मुलालाही होणारच.” अपस्मार असलेल्या आईच्या बहुतेक मुलांना तो होत नाही.

“कांदा हुंगवा, तोंडात चमचा घाला.” दोन्ही नको. कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

“फिट येतात म्हणजे लग्न रद्द होतं.” १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेखच काढून टाकला आहे.

घरात अशी आई असेल, तर पुढच्या तपासणीला तिच्यासोबत जा. बाळाला कसं सांभाळायचं, हे डॉक्टरांना तिच्यासमोर विचारा, तिच्या पाठीमागे नको.