वळवात पत्रे का उडतात? छप्पर निवडताना आणि बांधताना एवढं बघा

दहिवडी (वार्ताहर) : एप्रिल-मे आला की वळवाच्या पावसाची बातमी ठरलेली असते. अमुक गावात इतक्या घरांचे पत्रे उडाले, धान्य भिजलं, संसार उघड्यावर आला. उडालेला पत्रा माणसाला लागला तर जिवावरच बेततं. आता घरकुलांची कामंही गावोगाव सुरू असतात. घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरचं लागतं. पाया आणि भिंती होईपर्यंत पैसा संपत येतो आणि छपराची पाळी शेवटी येते. मग काटकसर होते ती हूक, बोल्ट आणि सिमेंटच्या पट्ट्यात. खरं तर सगळ्या घरात हाच खर्च सर्वात कमी असतो, आणि छप्पर टिकतं ते त्याच्यावरच.

पावसाप्रमाणे छप्पर

आपल्या सातारा जिल्ह्यात छपराचे सगळे प्रकार बघायला मिळतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर माण-खटावला पाचशेही अवघड. म्हणून पश्चिमेला जावळी, पाटणकडे उतरती कौलारू घरं, तर पूर्वेला सपाट धाब्याची.

कौलारू घर : मधे आढं, त्यावरून दोन्हीकडे उतरते वासे, वाशांवर आडव्या रिपा आणि रिपांवर कौलं. जुनी नळीची कौलं दरवर्षी पावसाळ्याआधी चाळावी लागत. मंगलोरी कौल एकमेकांत अडकतं, त्यामुळे ते जास्त टिकतं. या कौलाचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला, म्हणून हे नाव. कौलांच्या फटीतून हवा खेळते, घर थंड राहतं. पण लाकूड महाग झालं आणि माकडांचा त्रास वाढला, म्हणून लोक पत्र्याकडे वळले.

धाबे किंवा माळवद : जाड भिंती, लाकडी खांब आणि तुळया, त्यावर फळ्या किंवा काड्या आणि वर मातीचा थर. उन्हाळ्यात याच्यासारखा गारवा नाही. धोका आहे तो वजनाचा. गळतं म्हणून दर काही वर्षांनी वर माती चढवत गेलं की थर दीड-दोन फुटांवर जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती ढासळल्या आणि असली जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. सुमारे दहा हजार माणसं गेली. आपल्याकडेही कोयनेचा १९६७ चा भूकंप झालेला आहे. जुनं माळवद असेल तर नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवा.

पत्रा उडतो कसा?

हा हिशेब समजला की पुढचं सगळं समजतं. २५ चौरस मीटर घरावर साडेचार इंची स्लॅब टाकला तर त्याचं वजन सात टनांच्या पुढे जातं. तेवढ्याच घरावरचे पत्रे दीडशे किलोच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला चार-पाच किलो. वारा ताशी १०० किलोमीटरने आला तर त्याचा जोर चौरस मीटरला ४५ किलोच्या पुढे असतो. वारा छपरावरून जाताना पत्र्याला वर ओढतो. त्यात वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं असेल तर आत शिरलेला वारा खालूनही ढकलतो.

म्हणजे भिंतीने छप्पर पेलणं एवढ्यावर भागत नाही, छपराला खाली धरून ठेवावंही लागतं. पत्र्यावर ठेवलेले दगड हे काम करत नाहीत. वाऱ्याच्या जोरापुढे दहा किलोचा दगड काहीच नाही, आणि पत्रा उचलला की तोच दगड खाली माणसाच्या डोक्यात येतो. दगड आजच उतरवा.

पत्र्याचं काम करून घेताना

- आकार : एकपाखी छपराला वारा जास्त उचलतो, दुपाखी बरं, चौपाखी सर्वात चांगलं. भिंतीपासून आढ्यापर्यंत आडवं अंतर १० फूट असेल तर आढं ४ ते साडेपाच फूट उंच ठेवा.
- पट्टा : भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी सळई घालून सिमेंट काँक्रीटचा पट्टा फिरवा. त्यात बोल्ट आधीच बसवून ठेवा आणि कैची किंवा पाइप त्या बोल्टला आवळा. पाइप नुसता भिंतीवर ठेवून वर दोन विटा लावल्या तर पाइपासकट छप्पर जातं.
- हूक : जे-हूक पत्र्याच्या उंचवट्यावर मारा, पन्हळीत मारला तर गळतं. वायसर विसरू नका. कडेला, कोपऱ्याला आणि आढ्याजवळ ओढ सर्वात जास्त असते, तिथे एक आड एक उंचवट्यावर हूक हवाच.
- जोड : शेजारच्या पत्र्यांची जोड दीड-दोन नळ्यांची ठेवा. जोडीचं तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला असावं.
- वळचण : दीड फुटापेक्षा बाहेर काढू नका. सावलीसाठी पडवी हवी असेल तर तिचं छप्पर वेगळं बांधा, म्हणजे पडवी गेली तरी घर वाचेल.

सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर थेट पाय देऊ नका, तो फुटतो. फळी टाकून चढा. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक आहे.

स्लॅब टाकणार असाल तर

स्लॅब उडत नाही, पण चुकीचा झाला तर दुरुस्ती अवघड. सळईच्या जाळीखाली कव्हर ब्लॉक ठेवा, नाहीतर सळई गंजून प्लास्टर पडतं. खोलीत मुख्य सळई खाली असते, पण छज्जात ती वरच्या बाजूला लागते. इथे गडबड झाली की छज्जा कोसळतो. एक-दीड-तीनच्या मालाला सिमेंटच्या एका गोणीमागे पाणी ३० लिटरच्या पुढे नको. माल पातळ केला की काम सोपं होतं, पण स्लॅब कच्चा राहतो. पीपीसी सिमेंट असेल तर किमान १० दिवस, उन्हाळ्यात १४ दिवस पाणी मारा. सेंट्रिंगवाल्याच्या घाईपायी टेकू लवकर काढू देऊ नका. पाणी निघून जायला दहा फुटाला एक-दीड इंच उतार ठेवा.

वळवाच्या आधी

शिडी लावून एकदा सगळे हूक बघा. गंजलेले बदला, ढिले आवळा. घरावर आलेल्या वाळक्या फांद्या तोडा. वादळ आलं की दारं-खिडक्या लावून घ्या, पत्रा धरायला वर चढू नका. नुकसान झालंच तर आवराआवर करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि लगेच तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या.

घर बांधताना वेल्डर किंवा गवंड्याला एक प्रश्न जरूर विचारा : "हे छप्पर भिंतीला कशाने धरलंय?" त्याने बोल्ट आणि पट्टा दाखवला तरच पुढचा पैसा द्या.